बाईंनी शिकवलेला दर

लग्नाच्या ब्लाऊजवर आरीकाम करून घ्यायला दोडामार्गात माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, तेव्हा मी आधी कापड बघते, मग नक्षी, आणि मग सरळ दर सांगते. भेडशीहून, बांद्याहून, डिचोलीहून बायका येतात. दर सांगताना माझा आवाज खाली जात नाही. सुई धरायला मला आणखी कुणीही शिकवलं असतं. दर सांगायला बाईंनी शिकवलं, आणि त्यावर माझं घर चाललं आहे.

बाई गोव्याच्या माहेरवाशीण. लहानपणी तिथल्या सिस्टरांकडे भरतकाम शिकलेल्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि फार लवकर एकट्या पडल्या. दुपारची जेवणं आटोपली की त्यांच्या ओटीवर आम्ही मुली भरतकाम शिकायला जमायचो. तेव्हा दोडामार्ग तालुकासुद्धा झाला नव्हता. तो झाला १९९९ मध्ये. कागदपत्रांना सावंतवाडी आणि खरेदीला डिचोली-म्हापसा असा आमचा रिवाज. धाग्याच्या लड्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून यायच्या.

काम दाखवायला नेलं की बाई आधी कापड उलटं करायच्या. ‘मागची बाजू दाखय गो,’ हे त्यांचं पहिलं वाक्य. मागे गाठ दिसली की सगळं उसवायचं. सहा पदरी धाग्यातले दोन पदर वेगळे काढायचे, तेही एकेक करून, म्हणजे पीळ अडकत नाही. सुरुवातीला बोटभर शेपटी मागे सोडायची आणि पुढच्या टाक्यांखाली ती दाबत न्यायची. संपवतानाही तसंच, मागच्या टाक्यांतून सुई सरकवून धागा कापायचा. गाठ धुण्यात सुटते, इस्त्रीत वर उमटते, आणि बाळाच्या झबल्यात ती अंगाला टोचते. हे तिसरं कारण बाई सर्वांत आधी सांगायच्या.

काजूच्या हंगामात आमच्यातल्या निम्म्या मुली बिया फोडायच्या कामावर जायच्या. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, बोटं काळी पडतात आणि डाग कितीही घासला तरी लवकर जात नाही. अशी बोटं पांढऱ्या कापडाला लागली की कापड गेलं. दुसऱ्या कुणी त्या मुलींना हंगाम संपल्यावर या म्हणून सांगितलं असतं. बाईंनी त्यांच्यासाठी गडद निळं आणि काळं कापड राखून ठेवलेलं असायचं. कुणाची मजुरी बुडू नये आणि कुणाचा हातही सुटू नये, याची त्यांनी कधी वाच्यता न करता केलेली ही सोय. मला तिची किंमत फार उशिरा, माझ्या हाताखाली मुली आल्या तेव्हा कळली.

शिकवण्याचे पैसे त्या सगळ्यांकडून घ्यायच्या. ज्यांना पैसे जमत नसत त्यांच्याकडून नारळ, सुपारी, कधी नुसती आमसुलं. ‘फुकट शिकलेलो हात फुकट राबता,’ असं म्हणायच्या. प्रत्येकीला एक वही ठेवायला लावली होती. कुठल्या कामाला किती वेळ गेला, किती धागा लागला, ते रोज लिहायचं. आम्हाला तो जाच वाटायचा.

माझं पहिलं पैशाचं काम म्हणजे एक बाळंतविडा. झबलं, टोपडं आणि दुपटं, काठाने काजटाका आणि कोपऱ्यात देठटाक्याच्या वेली. न्यायला आलेल्या बाईने ते हातात घेऊन तोंडभर कौतुक केलं आणि धाग्याचे पैसे पुढे केले. ‘घरात बसानच केलंस मा?’ मी गप्प. बाईंनी माझी वही उघडून तिच्यासमोर ठेवली. ‘ह्या चेडवाचो येळ हंय लिवलेलो आसा. धागोय तेचो, येळय तेचो. दोघांचेय पैशे होतत.’ मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘दर तू सांग. मान वर करून सांग.’ मी सांगितला. तिने दिला.

पुढे मुंबईत नातेवाइकांकडे राहून मी आरीकाम शिकले. कुर्ल्यात उत्तर प्रदेशच्या कारागिरांची एक खोली होती, चार माणसं एका अड्ड्याभोवती, म्हणजे कापड ताणायच्या चौकटीभोवती, मांडी घालून बसलेली. त्या उस्तादांचंही ऋण आहे माझ्यावर. आरीत सगळा कस डाव्या हाताचा. तो ताणलेल्या कापडाखाली धागा धरतो, कुणाला दिसत नाही. वरून आरीचा आकडा उतरतो, धागा उचलतो आणि साखळी उमटते. जरदोसीची तार स्प्रिंगसारखी असते, तिचे तुकडे कापून मण्यासारखे ओवायचे. जरा ओढली की ती सरळ होते आणि पुन्हा वळत नाही. पण जर कशी सांभाळायची ते मला गावच्या पावसाने शिकवलं. आमच्याकडच्या दमट हवेत जर काळी पडते. मलमलीत गुंडाळून ठेवायची, प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही.

आपण हे काम बाहेरून आणलं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरमधला सावंतवाडी संस्थानाचा मजकूर वाचायला मिळाला. त्यात तिथल्या मुख्य धंद्यांत कापडावरचं आणि चामड्यावरचं सोन्याचांदीचं भरतकाम दिलं आहे. वाळ्याचे पंखे, टोपल्या, पेट्या, आणि त्यांवर सोनेरी धागा आणि सोनकिड्याचे पंख. म्हणजे जरीचा टाका आमच्या याच मुलखात होता. करणाऱ्या एकाही माणसाचं नाव तिथे नाही. सावंतवाडीच्याच गंजिफाचं, त्या हाताने रंगवलेल्या पत्त्यांचं, नशीब बरं. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले पुंडलिक चितारींकडे स्वतः ती कला शिकल्या आणि १९७० च्या दशकात त्यांनी राजवाड्यात कारागीर बसवले. म्हणून चितारींचं नाव आज आपल्याला घेता येतं. वाळ्याच्या पंख्यावर जर भरणारा हात मी कुठेच पाहिलेला नाही.

बाई आता नाहीत. माझ्याकडच्या मुली वह्या ठेवतात आणि फीही भरतात.

सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग भागातल्या कुणाच्या माळ्यावर, आजीच्या पेटीत, जरीचं काम असलेला जुना वाळ्याचा पंखा किंवा पेटी असेल, तर कृपा करून ती टाकू नका, धुऊ नका. मला बघायला द्या. मी तिथेच बसून टाके उतरवून घेईन, आणि वस्तू ज्यांनी केली त्यांचं नाव घरात कुणाला आठवत असेल तर तेही लिहून घेईन.