सांगकाम्या

डेव्हिड क्रोननबर्ग यांच्या १९८६ सालच्या ‘द फ्लाय’मधला टेलिपॉड एकदा बघाच. उभा, काळपट, अंगावर आडव्या वळ्या आणि पुढे काचेचं दार. क्रोननबर्गना मोटारसायकलींचं वेड. याचा घाट त्यांच्या जुन्या डुकाटीच्या सिलिंडरवरून घेतलेला. म्हणूनच की काय, गडी नुसता उभा असला तरी रुबाबात असतो.

काम एकच: या पॉडमधली वस्तू विरघळवायची आणि समोरच्या जोडीदाराच्या पोटात जशीच्या तशी उभी करायची. पत्रकार व्हेरॉनिकाचा पायमोजा त्याने झोकात पोचवला. निर्जीव वस्तूंत त्याचा हात धरणारा कोणी नाही.

जिवंत माकडाला मात्र त्याने आतलं बाहेर करून परत केलं. मग सेथ ब्रंडल या त्याच्या कर्त्याने मांसाचा तुकडा कापून अर्धा याच्यातून पाठवला. दोन्ही तुकडे भाजून व्हेरॉनिकाला चाखायला दिले. याच्यातून आलेला तिने तोंडातून काढून टाकला. चव नकली! मांस म्हणजे काय, हे याच्या संगणकाला कोणी शिकवलंच नव्हतं. म्हाताऱ्या बायका तान्ह्या बाळाचे गालगुच्चे घेतात ते देहाच्या ओढीने, असं व्हेरॉनिका बोलून गेली होती. ब्रंडलला वाट सापडली ती तिथून. पुढचं माकड सुखरूप आलं. या चित्रपटात मला सगळ्यांत प्रिय आहे ती पॉडची ही शिकवणी.

पण शिकलेला सांगकाम्या फार धोक्याचा. ब्रंडल दारू पिऊन एकटाच आत शिरला, बरोबर एक माशी. १९५८च्या चित्रपटातल्या याच्या पूर्वजाने माणसाचं डोकं माशीला आणि माशीचं माणसाला देऊन भागवलं होतं. याला असली ढोबळ अदलाबदल मानवत नाही. आत दोन जीव, बाहेर काढायचा एक, एवढंच त्याला ठाऊक. त्याने दोघांचे जनुकच एकत्र मळले. लपवाछपवी मुळीच नाही. ब्रंडलने विचारलं तेव्हा सगळा हिशोब पडद्यावर मांडला.

पाठीवर राठ केस, मग गळणारी नखं, मग कान. क्रिस वॉलस आणि स्टीफन ड्यूपुई यांना या रंगभूषेचं ऑस्कर मिळालं, आणि ते रास्तच. जेफ गोल्डब्लम त्या थरांखालूनही ब्रंडलची बुद्धी आणि भीती दिसत राहू देतो, म्हणून किळस येता येता गलबलून येतं. शरीर परकं होत जाताना माणूस आत शाबूत असणं, ही या चित्रपटाची खरी भीती. दुर्धर आजार जवळून पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटेल.

शेवटी ब्रंडल गर्भार व्हेरॉनिकाला आपल्यात मिसळून घ्यायला निघतो. तिच्या पॉडची केबल गोळीने तुटते, ती वाचते. ब्रंडल दार फोडून बाहेर येत असतानाच यंत्र सुरू होतं. आत जे जे सापडलं ते पॉडने नेहमीच्या इमानदारीने एकत्र केलं. या वेळी त्यात त्याचं स्वतःचं लोखंडही होतं.