आधी सप्लाय, मग अर्थिंग

1 एप्रिल 2020 पासून देशात धुराच्या बीएस 6 मानकात बसल्याशिवाय नवी गाडी विकायची नाही, असा नियम लागू झाला. लॉकडाऊन लागून तेव्हा आठवडा झाला होता. सांगलीतलं माझं गॅरेज कुलपात होतं आणि घरात बसून डोक्यात एकच विचार घोळत होता, की यापुढे येणाऱ्या बहुतेक दुचाक्यांत कार्बोरेटरच नसणार, त्याच्या जागी इंजेक्शन असणार. ज्या कार्बोरेटरवर मी घर चालवलं, पोरांची शिक्षणं केली, तोच गाडीतून निघून चालला होता.

ही विद्या मी पुस्तकातून घेतलेली नव्हती. वस्तादांच्या हाताखाली पोरगा म्हणून लागलो तेव्हा पहिली काही वर्षं पाने पुसणं, चहा आणणं आणि शेजारी उकिडवं बसून बघणं एवढंच काम होतं. वस्ताद तोंडाने फारसं सांगायचे नाहीत. प्लग काढून माझ्या हातावर ठेवायचे. काळा पडला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट असेल तर कमी पडतंय, विटकरी असेल तर सगळं ठीक, हे मी रंग बघून बघून शिकलो. एअर स्क्रू किती उघडायचा ते कान सांगायचा. टॅपेट वाजतोय की टायमिंग चेन, हे गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच कळायचं. अशी विद्या अंगात मुरायला वेळ लागतो आणि एकदा मुरली की ती कधी जाणार नाही असं वाटतं. माझ्यासारख्या अनेक मिस्त्रींना तसंच वाटत होतं.

बदल अचानक आला असं म्हणता येणार नाही. 2017 च्या मार्चअखेर सुप्रीम कोर्टाने बीएस 3 गाड्यांची विक्री थांबवली, तेव्हा शोरूमवाल्यांनी मोठ्या सवलती देऊन गाड्या खपवल्या होत्या. इंजेक्शनच्या गाड्याही रस्त्यावर होत्याच. यामाहाची आर 15 तर 2008 पासून होती. पण अशी गाडी आली की आमच्यातले बरेच जण हात जोडून ‘शोरूमला न्या’ म्हणायचे. कामाला तोटा नव्हता, त्यामुळे ते चालून जायचं.

आमच्याच गल्लीत एक टीव्ही दुरुस्त करणारे काका राहतात. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपासून त्यांनी सुरुवात केली. 1982 मध्ये आशियाई खेळांच्या वर्षी रंगीत प्रसारण आलं तेव्हा त्यांना सगळं नव्याने शिकावं लागलं आणि पिक्चर ट्यूब जाऊन एलईडी आले तेव्हा पुन्हा एकदा. लॉकडाऊनमध्ये संध्याकाळी ते त्यांच्या कट्ट्यावर आणि मी समोरच्या पायरीवर, असे आम्ही अंतर ठेवून बसायचो. एकदा बोलता बोलता मी म्हणालो, “काका, आता गाडीत कॉम्प्युटर बसवलाय. आमचं काम संपलं.” ते म्हणाले, “कॉम्प्युटर कशावर चालतो? करंटवर. मग आधी करंट शीक. उद्या तुझी स्कूटर इथं लाव.”

तेव्हापासून माझी दुसरी उमेदवारी सुरू झाली. पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा कुणाच्या तरी समोर वही घेऊन बसायला सुरुवातीला अवघड वाटलं, पण काकांनी तो अवघडलेपणा फार दिवस राहू दिला नाही. आम्ही गॅरेजवाले वायरीत करंट आहे का ते बघायला बल्ब लावायचो. बल्ब पेटला की करंट आहे. काकांनी पहिल्यांदा तो बल्ब बाजूला ठेवायला लावला. सेन्सर पाच व्होल्टवर चालतात आणि बल्ब स्वतः बराच करंट ओढतो, त्यामुळे तो नको तिथे टेकवला तर ईसीएमला इजा होऊ शकते. ईसीएम म्हणजे इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा ते ठरवणारी डबी. त्याऐवजी त्यांनी मल्टीमीटर हातात दिला आणि क्रम घालून दिला. आधी सप्लाय, मग अर्थिंग, मग सिग्नल. यातली एकही पायरी गाळायची नाही, अंदाजाने उडी मारायची नाही. “जे दिसेल तो आकडा लिही,” ते म्हणायचे, “तुला काय वाटतं ते नंतर.”

माझ्यासाठी अवघड होतं ते हेच. वस्तादांनी मला बघताक्षणी ओळखायला शिकवलं होतं आणि काका सांगत होते की ओळखू नकोस, मोज.

अर्थिंगचा धडा विशेष सांगण्यासारखा आहे, कारण अजूनही रोज उपयोगी पडतो. बॅटरीच्या मायनसवर मीटरचा एक प्रोब धरायचा, इंजिनच्या बॉडीवर दुसरा, आणि सेल्फ दाबायचा. मीटरवर अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. दिसला, तर मधे कुठेतरी अर्थिंगच्या वायरीला गंज चढलाय किंवा बोल्ट सैल आहे. गाडी उभी असताना बॅटरी 12.6 च्या आसपास, इंजिन चालू असताना 14 च्या आसपास. एवढ्या दोन-तीन आकड्यांनी सेल्फ न लागण्याच्या कितीतरी तक्रारी उलगडतात. आधी अशा तक्रारीला आम्ही सरळ बॅटरी बदलायचो आणि महिन्याभराने तीच गाडी पुन्हा दारात यायची.

मग सेन्सर. थ्रॉटलचा सेन्सर तपासताना ॲक्सिलेटर सावकाश पिळायचा आणि आकडा बघायचा. साधारण अर्ध्या व्होल्टपासून चारच्या वर तो एकसारखा चढत गेला पाहिजे. मधेच पडला, तर त्या जागी सेन्सर झिजलाय आणि गाडी नेमकी तिथेच झटका देणार. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मला जाणवलं की गिऱ्हाईक ‘थोडी पिळली की अडखळते’ असं म्हणतो ते माझ्या कानाला पूर्वीपासून ठाऊक होतं. कुठे बघायचं ते कान सांगत होता, काय झालंय ते मीटर सांगत होता. जुनं वाया गेलं नव्हतं. त्यामुळे ‘जुना मिस्त्री आता कामाचा नाही’ असं कुणी म्हटलं की मी वाद घालतो. ज्याने हजारो इंजिनं उघडली आहेत त्याच्या हातात मीटर द्या आणि क्रम शिकवा, तो नुसता स्कॅनर वाचणाऱ्या पोरापेक्षा लवकर दोषापर्यंत पोचेल. पण मीटर हातात घ्यायची तयारी त्याची हवी.

याची खरी कसोटी पुरात लागली. हे शिकण्याआधी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट. पाणी ओसरल्यावर मारुती चौक, गावभाग, शामरावनगर, सगळीकडून चिखलाने भरलेल्या गाड्या ढकलत येत होत्या. त्या जवळजवळ सगळ्या कार्बोरेटरच्या. ऑइल काढायचं, ते दुधाळ झालेलं असायचं. प्लग काढून किक मारायची म्हणजे सिलिंडरमधलं पाणी बाहेर पडतं. टाकी आणि कार्बोरेटर धुवायचे, नवं ऑइल भरायचं, थोडं चालवून तेही बदलायचं. रात्रंदिवस काम होतं, पण गाड्या सुरू होत होत्या.

2021 च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा 50 फुटांपुढे गेलं. या वेळी आलेल्या गाड्यांत नव्या बीएस 6 गाड्या बऱ्याच होत्या आणि त्यांना जुना उपाय उलटा लागत होता. मी दारात खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘भिजलेल्या गाडीची चावी फिरवू नका.’ लोकांचा जीव गाडीत अडकलेला असतो, कुणीही आधी सुरू करूनच बघतो. पण कनेक्टरमध्ये पाणी असताना करंट सोडला तर बारा व्होल्ट पाच व्होल्टच्या वायरीत घुसू शकतात, आणि ओल्या पिनांमधून करंट वाहिला की तांबं झपाट्याने खातं. म्हणून सगळ्यात आधी बॅटरी सोडवायची. मग एकेक कनेक्टर उघडून स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, हवेने फुंकायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. दुचाकीचा ईसीएम बहुतेक वेळा राळ ओतून बंद केलेला असतो, त्यामुळे आतला भाग वाचतो आणि हिरवा थर चढतो तो पिनांवर. हे माहीत असेल तर महागडी डबी बदलायची पाळी टळते. सगळ्या गाड्या वाचल्या नाहीत. काहींचे डॅशबोर्डवरचे मीटर गेले, काहींच्या सेल्फच्या मोटरी. ज्यांचा विमा होता त्यांना मी हात लावण्याआधी फोटो काढून कंपनीला कळवायला सांगत होतो, कारण भिजलेलं इंजिन सुरू करायच्या नादात झालेलं नुकसान भरून मिळताना वाद होतात.

त्या दिवसांत शेजारच्या गॅरेजची पोरं येऊन उभी राहायची आणि बघायची. मी मात्र बोलून सांगत होतो. वस्तादांबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि कायम राहील, पण त्यांच्यासारखं गप्प राहून आता भागणार नाही. प्लगचा रंग बघून शिकता येतो. पाच व्होल्ट डोळ्यांना दिसत नाहीत, ते कुणीतरी सांगावेच लागतात.

गिऱ्हाइकालाही सांगावं लागतं. कवठेपिरानकडून दूध घालायला येणारा एक तरुण सकाळी गाडी ढकलत आला. वळणावर कॅनसकट पडला होता, गाडीला खरचटलंही नव्हतं, सेल्फ फिरत होता, पण इंजिन घेत नव्हतं. मी चावी बंद केली, पुन्हा चालू केली आणि सेल्फ दाबला. लगेच सुरू. तो म्हणाला, “मिस्त्री, तुम्ही तर काहीच केलं नाही की!” मी त्याला समजावलं. गाडी आडवी झाली की एक सेन्सर पेट्रोल बंद करतो, म्हणजे आग लागू नये. गाडी उभी करून चावी बंद-चालू केल्याशिवाय ते बंदच राहतं. त्याचे पैसे घेतले नाहीत, पण पेट्रोलची टाकी कायम रिझर्व्हवर ठेवू नकोस हे बजावलं. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो, सुमारे तीन बारच्या दाबाने पेट्रोल ढकलतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. टाकी कोरडी राहिली की पंप तापतो.

हे सगळं ज्ञान मराठीत मिळायला हवं, हे मी कळकळीने म्हणतो. वायरिंगचे नकाशे इंग्रजीत, वायरींचे रंग इंग्रजी अक्षरांत, कोडची यादी इंग्रजीत. होंडाच्या पद्धतीत पिवळा दिवा एकदा लांब आणि दोनदा आखूड लुकलुकला तर बारा नंबर, म्हणजे इंजेक्टरचं सर्किट. आठदा आखूड म्हणजे थ्रॉटल सेन्सर. ही माहिती एका पानात मावते, पण ते पान मिरजेच्या किंवा जतच्या मिस्त्रीला त्याच्या भाषेत कुणी देत नाही. कंपन्यांची स्कॅनिंगची साधनं तर शोरूमपुरतीच ठेवलेली असतात. खेड्यातल्या माणसाला पन्नास किलोमीटरवर गाडी न्यावी लागते ती दोष मोठा असतो म्हणून नव्हे, तो कुठे आहे हे जवळच्या मिस्त्रीला बघू दिलं जात नाही म्हणून. मी रंगीत पेनांनी नकाशे मराठीत काढायला घेतलेत. हिरवी वायर हिरव्या पेनने, आणि शेजारी ‘अर्थिंग’. शेजारच्या पोरीने ते मोबाइलवर नीट स्कॅन करून दिले आणि आता ते तासगाव, पलूस, विट्यापर्यंत फिरतात.

आता इलेक्ट्रिक स्कूटर येऊ लागल्या आहेत. 2022 मध्ये काही गाड्या पेटल्या तेव्हा लोक घाबरले, ते साहजिक होतं. बॅटरीचा पॅक मी उघडत नाही आणि कुणालाही उघडू देत नाही. त्यासाठी वेगळं शिक्षण आणि वेगळी जागा लागते. पण ब्रेक, बेअरिंग, वायरिंग, चार्जिंगचा सॉकेट, चाकातली मोटर, हे आमच्या हातातलं आहे. घड्याळ आणि अंगठी काढून ठेवायची, बॅटरी सोडवल्यावरही कंट्रोलरमधल्या कपॅसिटरला रिकामं व्हायला वेळ द्यायचा, मग हात लावायचा. या गाड्यांतल्या साठ-बहात्तर व्होल्टला बारा व्होल्टसारखं समजून चालत नाही.

अमावास्येला आमच्याकडची बरीच गॅरेजं बंद असतात. त्या दिवशी दुपारी सात-आठ जण माझ्याकडे जमतात. टीव्हीवाले काका तब्येत बरी असेल तर येऊन खुर्चीत बसतात. येत्या अमावास्येला तासगावचा एक जण झटके देणारी मोटर आणणार आहे. आत चाक कुठल्या जागी आहे ते सांगणारे तीन हॉल सेन्सर असतात. कंट्रोलरला जोडून पाच व्होल्टचा सप्लाय देऊन चाक हाताने सावकाश फिरवलं की प्रत्येकाच्या सिग्नलच्या वायरीवर शून्य आणि पाच, शून्य आणि पाच असं दिसलं पाहिजे. तिन्हींपैकी ज्याचा आकडा हलणार नाही, तो सेन्सर बदलायचा. मोटर त्यालाच उघडायला लावणार आहे.