पटाशीचं पाणी

कन्नडमध्ये 'उळी' म्हटलं की भागतं. सुताराच्या हातात असते तीही उळी आणि मूर्तिकाराच्या हातात असते तीही उळीच. तमिळ आणि मल्याळममध्येही हाच शब्द आहे, तेलुगूत तो जरा मऊ होऊन 'उली' होतो. मराठीत एका शब्दात भागत नाही. दगडावर चालते ती छिन्नी, लाकडावर चालते ती पटाशी. आणि तीच अरुंद, जाड, कुसासाठी खोल भोक पाडणारी असली, तर ते किकरं. हिंदीत छेनी वेगळी, रुखानी वेगळी. बंगालीत छेनि वेगळी, बाटालि वेगळी.

सात-आठ वर्षांपूर्वी मी एक कन्नड कथा मराठीत आणत होते. पहिल्याच परिच्छेदात एक माणूस उळी घेऊन उंबऱ्यावर बसलेला. तो सुतार की पाथरवट, हे लेखकाने चौथ्या पानापर्यंत दडवून ठेवलं होतं आणि कथेची सगळी मजा त्या दडवण्यात होती. मराठीने मात्र मला पहिल्याच ओळीत हटकलं. 'हत्यार' लिहावं तर वाचक खून शोधू लागणार. 'अवजार' लिहावं तर तो शेताकडे वळणार. शेवटी 'उळी'च ठेवली. पण जी वस्तू मी कधी हातात धरली नव्हती, तिच्या नावासाठी इतके दिवस भांडत बसणं मलाच विचित्र वाटू लागलं, म्हणून एका रविवारी बंगळूरच्या एसजेपी रोडच्या मागच्या जुन्या बाजारात गेले. तेव्हापासून जातेच आहे. पुण्याला गेले की जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, त्या हिशेबाने तिकीट काढते.

या बाजारांत पटाशा वेगळ्या मांडलेल्या नसतात. नळाच्या तोट्या, मोटारींचे आरसे, तुटके पाने यांच्या ढिगात तळाशी असतात. मूठ गेलेली, डोकं हातोडीने ठोकून छत्रीसारखं पसरलेलं, अंगावर रंगाचे थर. बऱ्याच जणींनी आयुष्याची शेवटची वर्षं रंगाचे डबे उघडण्यात काढलेली असतात. विक्रेता विचारतो, "मॅडम, हे कशाला?" मी सांगते, वापरायला. हे निम्मंच खरं आहे. माझ्याकडे आज 43 पटाशा आहेत आणि मी आजवर एक स्टूल, दोन चौकटी आणि एक बिनकामाची पेटी एवढंच केलं आहे.

साफसफाईत गूढ काही नाही. आधी रॉकेल किंवा मशीनचं तेल लावून घासायचं. गंज खोल असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायचं, सकाळी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं, लगेच कोरडं करून तेल लावायचं. मग जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवून पाठ घासायची: 120, 220, 400, 800 अशा चढत्या क्रमाने. वेळ जातो तो पाठीत. नवशिक्याला वाटतं की धार उताराच्या बाजूने येते. पण धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ, आणि पाठीवर गंजाचा एक खड्डा राहिला तर त्या रेघेत तेवढा दात पडतो. उतार साधारण 25 ते 30 अंशांचा. त्याहून कमी केला तर धार लवकर दुमडते, जास्त केला तर लाकडात शिरायला कुरकुरते.

गंजाखालून कधी कधी अक्षरं वर येतात. एकदा तीन पानांचं चिन्ह आणि शेफील्ड हे नाव आलं. ते मार्पल्स कंपनीचं चिन्ह. जुन्या शेफील्ड पटाशांवर 'कास्ट स्टील' असाही ठसा सापडतो. त्याचा अर्थ साच्यात ओतलेलं बीड असा नाही. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला स्प्रिंगसाठी चांगलं पोलाद मिळेना, म्हणून त्याने 1740 च्या दशकात ते मुशीत वितळवून काढण्याची रीत बसवली, आणि शेफील्डचं नाव झालं ते त्या पोलादावर. आपल्याकडे दख्खनमध्ये, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत, मुशीतलं पोलाद त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होत होतं. 1790 च्या दशकात मुंबईतल्या हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरने त्याचे नमुने लंडनला पाठवले, 1795 मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला गेला, पुढे मायकेल फॅरडेने त्यावर प्रयोग केले (त्याचे वडील लोहार होते, हे मला फार आवडतं). इंग्रजीत या पोलादाचं नाव झालं 'वूट्झ'. कन्नड-तेलुगूतल्या 'उक्कु'चंच कुणाच्या तरी कानात किंवा लेखणीत हे झालं असावं, असं सर्वसाधारणपणे मानतात. पोलाद तपासायला एवढी मंडळी बसली आणि नाव मात्र तसंच वाकडं छापलं गेलं.

आपला 'पोलाद' शब्दही फारसीतून आलेला आहे. त्याआधीचा मराठी शब्द मोल्सवर्थच्या कोशात मिळतो: तिखें. तीक्ष्ण, तिखट, तिखें. हा शब्द आपण का टाकला कोण जाणे. पण पोलादाबद्दलचा सगळ्यात चांगला शब्द अजून आपल्याजवळ आहे, तो म्हणजे पाणी. पात्याला पाणी देतात, पाणी चढवतात. पातं लाल तापवून विझवलं की ते काचेसारखं ठिसूळ होतं. मग पुन्हा हळूहळू तापवायचं. पृष्ठभागावर आधी फिका पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. लाकडाच्या पटाशीला पिवळ्या-तपकिरीपाशी थांबवतात. म्हणूनच पात्याला धार लावायला विजेच्या चाकावर धरलं आणि टोक निळं झालं, तर समजायचं की पाणी उतरलं. धार लागेल, टिकणार नाही. उर्दूतल्या 'आबदार'मध्येही हेच पाणी आहे. मी चाक वापरत नाही.

माझ्या क्षेत्रातले मित्र हे सगळं पाहून हमखास म्हणतात, "अनुवादासारखंच आहे की!" मला ही तुलना पटत नाही. माझा अनुवाद कितीही वाईट झाला तरी मूळ कन्नड पुस्तक जिथल्या तिथे राहतं. उद्या कुणी दुसरा येऊन चांगला करील. पटाशीत मूळ वस्तूच घासली जाते. काढलेला प्रत्येक कण कायमचा जातो, आणि तो काढायचा का, हे कुणाला तरी विचारावं लागतं. मी विचारत नव्हते, कारण बाजारातल्या पटाशांना विचारण्यासारखं कुणी उरलेलं नसतं. निपाणीजवळच्या एका गावात ते उरलेलं होतं.

तिथल्या एका सुतारांच्या घरी पत्र्याची पेटी विकायला काढली होती. मुलगा प्लायवूडची स्वयंपाकघरं करतो, त्याला यातलं काही लागत नाही. त्याने वजनकाटा आणून ठेवला होता. मी वजनावर घेणार नाही म्हटलं आणि नगावर भाव ठरला. तात्या, म्हणजे त्याचे वडील, पंचाहत्तरीच्या पुढचे, भिंतीला टेकून बघत होते. अकरा नग. त्यांतलं एक किकरं दोन सूत रुंद, गावच्या लोहाराने केलेलं, घासून घासून बोटाएवढं उरलेलं. त्याची धार डावीकडे स्पष्ट कललेली होती. मला ते तिरकेपण बघताक्षणी आवडलं. एका माणसाचा हात त्यात शिल्लक होता, आणि मी ते अजिबात हलवणार नव्हते.

तात्या म्हणाले, "पोरी, ती धार तेवढी सरळ कर."

मी म्हटलं, "तात्या, ही तुमच्या हाताची खूण आहे. राहू दे ना."

"माझी न्हवं ती. मोडल्या हाताची हाय." त्यांनी उजवं मनगट पुढे केलं. हाड वाकडं बसलेलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी छपरावरून पडले, त्यानंतरच्या सगळ्या धारा तशाच लागल्या. "चार लोकांत दाखवशील, म्हणतील ह्याला धार लावायची कळत न्हवती."

बंगळूरला येऊन किकरं व्हिनेगरमध्ये टाकलं तेव्हा त्याचं अंतरंग दिसलं. अंग मऊ लोखंडाचं, ते उजळ राहिलं. टोकाला जोडलेलं पोलाद काळपट झालं, आणि दोहोंमधली रेघ स्वच्छ उमटली. पोलाद चार सूत उरलं होतं, म्हणजे अर्धा इंच. धार सरळ करायची तर त्यातलं एक सूत जाणार. मी फोन करून तसं सांगितलं. मनातून मला वाटत होतं की हे ऐकून ते विचार बदलतील.

"मग? तीन सूत ऱ्हातंय की," तात्या म्हणाले. "तुला जन्मभर पुरंल. तू काय रोज भोकं पाडणार हायेस व्हय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुन्या वस्तूंवरचे खुणांचे थर जपावेत, हे मला अजूनही वाटतं. पण ज्याचा थर तो समोर बसून नको म्हणत असेल, तर तो जपण्यात माझ्या आवडीपलीकडे काय उरतं? तीन संध्याकाळी लागल्या. दर पाच-दहा घाशांनंतर गुण्या लावून बघायचं, पाणी टाकायचं, पुन्हा घासायचं. मूठ फुटकी होती, तिथे बाभळीची नवी बसवली. पितळी कडं जुनंच चढवलं.

खंडेनवमीला मी ते घेऊन गेले. मुलाच्या ड्रिल मशीनला हार घातलेला होता, शेजारी करवत आणि रंधा. तात्यांनी किकरं आधी डोळ्यासमोर आडवं धरलं, मग अंगठ्याच्या नखावर टेकवलं. घसरलं नाही. अंगणात बाभळीचा एक तुकडा पडला होता, तो पायाने दाबून त्यांनी किकरं त्यावर उभं केलं. हात थरथरत होता, पण धरलं तसं ते हललं नाही. "मार," म्हणाले. मी मोगरीने तीन-चार घाव घातले. कपच्या उडाल्या.

त्यांनी पातं धोतराला पुसून माझ्या हातात दिलं. "आता कशाला लावणार?"

"पुस्तकांची मांडणी करायची आहे."

"लाकूड?"

"सागवान बघतेय."

"नवं घेऊ नको," ते म्हणाले, आणि मुलाला हाक मारून, निपाणीत कुणाचा वाडा पाडायला काढलाय आणि त्याच्या तुळया कधी विकायच्या आहेत, ते विचारायला लागले.