अर्धा म

आईचा पहिला फोन मी उचलला नाही, सकाळची मीटिंग चालू होती. दुसरा उचलला. "तुझ्या बाबांनी कामं घेणं बंद केलंय," ती म्हणाली. "आठ दिवस झाले. दुकानात जातात, झेरॉक्स काढून देतात, पण टायपिंगला कोणी आलं की समोरच्या दुकानात पाठवतात. आणि घरी आले की रबरी चेंडू दाबत बसतात." चेंडू कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "बोटांचा व्यायाम. अक्षरं चुकतात म्हणे. तुला सांगू नको म्हणालेत."

बाबा टायपिस्ट आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोर त्यांचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्र, वाटणीपत्र, वारसाचे अर्ज, फेरफारचे अर्ज. आधी रेमिंग्टनचं मशीन होतं, २००५ मध्ये कॉम्प्युटर आला. विंडोज एक्सपी, ऑफिस २००३ आणि कृतिदेव फॉन्ट. या तीन गोष्टींवर माझं इंजिनिअरिंग झालं. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपी आणि ऑफिस २००३ या दोघांचाही सपोर्ट एकाच दिवशी संपला, पण बाबांना ते कळायचं काही कारण नव्हतं. त्या कॉम्प्युटरला इंटरनेटच नव्हतं. तो नंतरही वर्षानुवर्षं चालला आणि गेल्या दिवाळीच्या आधी, वसुबारसेला, बंद पडला तो पडलाच.

मी घरी येतच होतो. पुण्याहून नवा लॅपटॉप घेऊन गेलो, विंडोज ११ आणि नवं ऑफिस असलेला. जुनी हार्ड डिस्क काढली, केबल लावून वाचली. सगळ्या फायली शाबूत होत्या. वर्डमध्ये पहिली उघडली तर इंग्रजी अक्षरांचा लगदा. हे अपेक्षितच होतं.

कृतिदेवसारखे फॉन्ट मुळात एक सोंग असतं. फाईलमध्ये मराठी नसतंच. असतात ती इंग्रजी अक्षरं, फक्त त्या फॉन्टमध्ये 'ई'च्या जागी म चं चित्र काढलेलं असतं, 'जे'च्या जागी र चं, 'के'च्या जागी कान्याचं. 'मराठी' हा शब्द कॉम्प्युटरच्या लेखी ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा असतो. फॉन्ट काढला की सोंग उतरतं. शिफ्ट दाबलं की बहुतेक व्यंजनं अर्धी येतात: छोटा ई म्हणजे म, कॅपिटल ई म्हणजे अर्धा म. रेमिंग्टन टाइपरायटरची रचना आहे ती, म्हणून बाबांच्या पिढीची बोटं मशीनवरून कीबोर्डवर आली तेव्हा त्यांना नवीन काही शिकावं लागलं नाही.

युनिकोड तेव्हाही होतं, नाही असं नाही. पण एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसायला रिजनल सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागे, मग ते विंडोजची सीडी मागे. तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर विकणारा माणूस सीडी ठेवून जात नसे.

तर, मी फॉन्ट टाकला, फाईल मराठीत दिसायला लागली. बाबांना एक ओळ टाइप करायला लावली, तर श मोडला. कृतिदेवमध्ये श चा अर्धा भाग म्हणजे साधं एकेरी अवतरणचिन्ह, आणि वर्ड त्याला आपणहून वळणदार करत होतं. श च्या जागी भलतंच चिन्ह आणि पुढे एकटा काना. मी लगेच ऑटोकरेक्टची खिडकी उघडली, 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' या टॅबमधली अवतरणचिन्हांची खूण काढली. श आला. बाबा खूश. "झालं," मी म्हणालो आणि रात्रीची ट्रॅव्हल्स गाठली.

ते 'झालं' मला अजून टोचतं. ऑफिसमध्ये कुणी एक केस तपासून काम बंद केलं तर मीच कमेंट लिहितो.

आईच्या फोननंतरही मी तेच केलं, फक्त जास्त कष्टाने. बाबांना काय चुकतं ते विचारलंच नाही. नव्या विंडोजला जुना फॉन्ट झेपत नसणार, असं ठरवून टाकलं. जुनी हार्ड डिस्क मी बॅकअपसाठी पुण्याला आणली होती. तिची प्रतिमा काढून व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी जिवंत करायला बसलो. पहिल्यांदा निळा पडदा आला, ७बी नंबरचा. डिस्क कुठल्या कंट्रोलरला जोडली आहे ते जुन्या विंडोजला ओळखीचं वाटेना. ती आयडीईवर टाकली आणि दुसऱ्या रात्री अडीच वाजता माझ्या स्क्रीनवर ते हिरवं टेकाड आणि निळं आभाळ उगवलं. डेस्कटॉपवर 'वारस', 'वाटणी', 'किरकोळ' अर्थाचे रोमन नावांचे फोल्डर. मी उगाच बराच वेळ बघत बसलो.

शनिवारी सकाळी घरी पोचलो. बाबांनी चेंडू उशीखाली सारला. मी पाहिलं नाही असं दाखवलं. दुपारी दुकानात गेल्यावर त्यांनी स्वतःच ड्रॉवरमधून प्रिंट काढल्या, वीसेक असतील, आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"करंगळी," ते म्हणाले. "शिफ्टवर पडून राह्यली. मले समजतही नाही कवा पडते."

प्रतिज्ञापत्राचा मजकूर 'मी' या शब्दाने सुरू होतो. कागदावर म अर्धा होता, त्याला वेलांटी. दुसऱ्या कागदावर 'सविनय'मधला स अर्धा. तिसऱ्यावर 'विनंती'ची पहिली वेलांटीच गायब, तिथे अर्धा थ. वारसांच्या तक्त्यात तर बहुतेक नावांचं पहिलं अक्षर अर्धं. कमल या नावाचं क्मल झालेलं. तो तक्ता कचेरीतून परत आला होता. ज्यांचा होता त्यांचा एक दिवस आणि येण्याजाण्याचं भाडं बुडालं होतं.

बाबांचा तर्क चुकीचा नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. ते टाइप करताना पडद्याकडे बघत नाहीत, हस्तलिखिताकडे बघतात. चूक प्रिंटवर दिसते. मग परत जाऊन ते अक्षर खोडून पुन्हा टाइप केलं की बरोबर येतं, कारण वर्ड शब्द संपून स्पेस पडते तेव्हाच हात घालतं, मागाहून केलेल्या दुरुस्तीला हात लावत नाही. म्हणजे पहिल्यांदा चूक, दुसऱ्यांदा लक्ष देऊन केलं की बरोबर. चुकीचं रूपही नेमकं शिफ्ट दाबल्यासारखं. अशा वेळी माणूस मशीनवर संशय घेईल की साठीतल्या हातावर? ते जिल्ह्याच्या डॉक्टरकडेही जाऊन आले होते. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले आणि रक्त तपासायला सांगितलं.

मी लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन सुरू केलं. "हा आपला जुनाच आहे, याच्यावर लिहा." ते कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर बघून जरा बिचकले. मग तोच वारस अर्ज समोर ठेवून टाइप करायला लागले. सहा ओळी, मग तक्ता. एकही अक्षर अर्धं नाही. ते थांबले, डाव्या हाताची करंगळी वर करून बघितली. मग नव्या वर्डमध्ये तीच पहिली ओळ. अर्धा म.

तोच हात, तोच फॉन्ट, तोच मजकूर. फरक फक्त वर्डच्या खुणांचा असू शकत होता. जुन्यात टूल्समधून ऑटोकरेक्ट उघडलं: सगळे चौकोन रिकामे. नव्यात उघडलं: सगळ्यांत बरोबरच्या खुणा. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करा. तक्त्याच्या चौकटीतलं पहिलं अक्षर कॅपिटल करा. इंग्रजी लिहिणाऱ्याला मदतच ती. वर्डला बिचाऱ्याला दिसत होतं छोटा ई आणि एच, त्याने ई मोठा केला. मजकुराच्या मधल्या वाक्यांना धक्का लागत नव्हता, कारण कृतिदेवमध्ये पूर्णविराम हायफनच्या कळीवर असतो आणि वर्डला वाक्य संपल्याचं कळतच नव्हतं. म्हणून फक्त परिच्छेदाची सुरुवात आणि तक्ते.

आणि ही खिडकी तीच होती, जी मी दिवाळीत उघडली होती. मी एका टॅबमधली खूण काढली, या टॅबकडे बघितलंही नाही.

मी बाबांना ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत. खुर्चीवरून उठले, वरच्या फळीवरून कापडी पाठीची जुनी वही काढली. दरपत्रक, शाईच्या रिबनचे हिशेब, कुणाकुणाची उधारी. चाळता चाळता एका पानावर थांबले. २००६ चं पान. त्यांच्याच अक्षरात: 'टूल्स – ऑटोकरेक्ट – सर्व टिकमार्क काढणे. नाहीतर पहिले अक्षर अर्धे येते.'

मला आठवेना की तेव्हा त्यांना हे कुणी सांगितलं. त्यांनाही आठवेना. "अक्षर तर माझंच आहे," ते म्हणाले. मी दोन रात्री जागून एक्सपी उभा केला त्याचं उत्तर फळीवर होतं, आणि ते स्वतः पंधरा दिवस त्या फळीखाली बसून करंगळीकडे बघत होते.

संध्याकाळी मी युनिकोडचा विषय काढला. आज ना उद्या करावंच लागेल, या फायली उद्या कुणाला वाचता येणार नाहीत, एखादं नाव शोधायचं तर शोधता येत नाही. रेमिंग्टनसारखा युनिकोडचा कीबोर्डही मिळतो. त्यांनी ऐकून घेतलं. "माझ्या बोटाले वेलांटी आधी लागते," ते म्हणाले, "अक्षर मागून. तुमच्यात उलटं आहे ना?" मी म्हटलं, साठवताना उलटं आहे, टाइप करताना सोय होते. "मंग दिवाळीत बसव. आता नको." मला वाटतं ते दिवाळीतही नको म्हणतील. मी जुन्या फायलींची रूपांतरित प्रत तेवढी वेगळी ठेवायला सुरुवात केली आहे. त्यात अजून बऱ्याच वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, त्या हाताने सरळ करतो.

रविवारी निघायच्या आधी बाबांनी ती वही माझ्यापुढे सरकवली. नवा रस्ता लिहून दे म्हणाले. २००६ च्या ओळीखाली मी लिहिलं: 'फाईल – ऑप्शन्स – प्रूफिंग – ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. दोन्ही टॅब बघणे.' त्यांनी वाचलं, 'दोन्ही'खाली रेघ मारली आणि शेजारी तारीख टाकली.

तेवढ्यात एक बाई पिशवीतून सातबारा काढत दारात आल्या. वारसाचा अर्ज करायचा आहे, समोर गर्दी आहे म्हणाल्या. बाबांनी मला खुर्चीवरून उठवलं.