किंमत सांगता येणारा निर्णय : वरिष्ठ सॉफ्टवेअर अभियंत्याच्या मुलाखतीची तयारी

आठ-दहा वर्षे सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम केलेला अभियंता वरिष्ठ पदाच्या मुलाखतीच्या तयारीला लागतो, तेव्हा बहुधा तो पहिल्या नोकरीच्या वेळचीच तयारी नव्याने सुरू करतो. म्हणजे लीटकोडवरील प्रश्न ओळीने सोडवणे, अल्गोरिदमची उजळणी करणे आणि ठरावीक रचनांच्या आकृत्या पाठ करणे. ही मेहनत वाया जात नाही, कारण कोडिंगची फेरी वरिष्ठांनाही चुकलेली नाही आणि रोजच्या कामात न लागणाऱ्या गोष्टी सवय नसेल तर ऐन वेळी आठवत नाहीत. मात्र वरिष्ठ पदासाठी मुलाखतकार मुख्यतः शोधत असतो ती निर्णयशक्ती, म्हणजे माहिती अपुरी असताना पर्याय निवडण्याची, निवडलेल्या पर्यायासाठी काय गमवावे लागणार हे ओळखण्याची आणि ते समोरच्याला स्पष्ट सांगण्याची क्षमता. तयारीचा मोठा भाग या क्षमतेवर खर्च व्हायला हवा, आणि प्रत्यक्षात नेमका तोच भाग सर्वांत कमी होतो.

कोडिंगच्या फेरीतही हा फरक दिसतो. क्रमाने लावलेल्या यादीत मधला घटक पाहून दर वेळी अर्धी यादी बाजूला टाकण्याची पद्धत, म्हणजे बायनरी सर्च, संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला येते. तरीही जोशुआ ब्लॉक यांनी 2006 मध्ये दाखवून दिले की, खुद्द जावा भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील बायनरी सर्चमध्ये वर्षानुवर्षे एक दोष राहून गेला होता. मधले स्थान काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनने भागले जात असे, आणि यादीत शंभर कोटींहून अधिक घटक असले की ती बेरीज 32 बिटांच्या पूर्णांकाची 2,14,74,83,647 ही मर्यादा ओलांडून ऋण होत असे. दोन टोकांतील अंतराचे अर्धे करून ते खालच्या टोकात मिळवले की दोष नाहीसा होतो. नवख्या उमेदवाराने हा प्रोग्रॅम बिनचूक लिहिला तरी पुरते. वरिष्ठाकडून अपेक्षा असते ती आपला प्रोग्रॅम कोणत्या आकारमानाला कोलमडेल हे न विचारता सांगण्याची.

सिस्टीम डिझाइनची फेरी, म्हणजे एखाद्या मोठ्या प्रणालीची रचना तासाभरात तोंडी उभी करून दाखवण्याची फेरी, ही या मुलाखतींचा कणा होय. भारतीय अभियंत्याला सरावासाठी तत्काळ रेल्वे आरक्षणाइतका सकस विषय क्वचितच मिळेल. वातानुकूलित वर्गांची तत्काळ तिकिटे सकाळी दहाला आणि बिगर-वातानुकूलित वर्गांची अकराला खुली होतात, हे बहुतेकांना अनुभवाने ठाऊक असते. हा प्रश्न समोर आला की बरेच उमेदवार लगेच फळ्याकडे वळतात आणि लोड बॅलन्सर, कॅश, क्यू असे चौकोन काढू लागतात. त्याआधी विचारायला हवे ते हे की, या प्रणालीत कोणती चूक मुळीच खपणार नाही आणि कोणती थोडीफार चालेल. एकच बर्थ दोघांना विकली जाता कामा नये. उलट पडद्यावर दिसणारा शिल्लक जागांचा आकडा दोन-चार सेकंद जुना असला तर कोणाचे फारसे बिघडत नाही. एवढे बोलून झाले की निम्मी रचना आपोआप ठरते. एरिक ब्रूअर यांनी 2000 मध्ये मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी 2002 मध्ये सिद्ध केलेला कॅप सिद्धान्त असे सांगतो की, प्रणालीच्या भागांमधला संपर्क तुटलेला असताना अचूक एकवाक्यता आणि अखंड उपलब्धता या दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. पुष्कळांना हा सिद्धान्त तोंडपाठ असतो. तो लावायचा मात्र अशाच ठिकाणी, जिथे बर्थच्या विक्रीत एकवाक्यता धरावी लागते आणि आकडा दाखवताना उपलब्धता.

त्यानंतर ढोबळ हिशेब करावा. एका गाडीत 200 तत्काळ जागा आहेत आणि पहिल्याच मिनिटात 20,000 जण त्यांच्यासाठी धडपडत आहेत असे गृहीत धरले, तर शंभरातील नव्याण्णव प्रयत्न फसणारच. म्हणजे ही प्रणाली मुख्यत्वे नकार देणारी आहे, आणि तो नकार लवकर व खरा देता येणे हे तिच्या रचनेचे खरे आव्हान आहे. यशस्वी नोंदी केवळ 200. त्या साठवणे कोणत्याही डेटाबेसला जड नाही, अडचण आहे ती त्या सगळ्या एकाच क्षणी एकमेकींवर आदळण्याची. प्रवाशाचे पैसे येईपर्यंत बर्थच्या नोंदीला डेटाबेसमध्ये कुलूप लावून ठेवले, तर बँकेच्या संथपणामुळे बाकीचे सगळे खोळंबतात. म्हणून बर्थ काही मिनिटांपुरती राखून ठेवून मुदत संपताच सोडून द्यावी लागते, आणि त्याची किंमत अशी की पैसे भरू न शकलेल्या माणसाने अडवलेली जागा तेवढा वेळ खऱ्या गरजूला मिळत नाही. याशिवाय खात्यातून पैसे वजा झाले पण उत्तर वाटेतच हरवले, आणि प्रवाशाने बटण पुन्हा दाबले, तर दुसऱ्यांदा पैसे कापले जाऊ नयेत यासाठी प्रत्येक व्यवहाराला आरंभीच एक ओळखक्रमांक द्यावा लागतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर आधीचेच उत्तर परत करायचे, या गुणधर्माला आयडेम्पोटन्सी म्हणतात. किती मिनिटे राखायची, याचे एकच बरोबर उत्तर नाही. उमेदवाराने आकडा सांगावा, तो कशावरून ठरवला हे सांगावे, आणि कोणती माहिती मिळाली तर तो बदलेल हेही सांगावे.

सर्वाधिक दुर्लक्षित राहते ती स्वतःच्या जुन्या कामाची उजळणी. पूर्वी केलेल्या कामाविषयीच्या फेरीत प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने सांगण्याची स्टार नावाची पद्धत सर्वत्र शिकवली जाते, आणि ती उपयुक्त आहे. पण सांगण्याजोगा मजकूरच हाताशी नसेल तर चौकट रिकामीच राहते. तीन-चार वर्षांपूर्वी अमुक डेटाबेस का निवडला, दुसरा कोणता पर्याय नाकारला, त्या वेळी भार किती होता, आणि वर्षभराने तो निर्णय टिकला की मोडला, हे अभियंत्याला अनेकदा आठवतच नाही. मराठी घरांत वाढलेल्यांच्या बाबतीत आणखी एक अडसर असतो. स्वतःच्या कामाचा स्वतःच उल्लेख करणे म्हणजे आत्मप्रौढी, हा संस्कार इतका खोल असतो की सगळी हकीगत गटाच्या नावावर सांगितली जाते आणि उमेदवाराचा वाटा कळतच नाही. गटाचे श्रेय गटाला देऊन आपण नेमका कोणता निर्णय घेतला हे नेमकेपणाने सांगण्यात कोणताही अविनय नाही.

मोठ्याने बोलून सराव करण्याला पर्याय नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये नोकरभरतीवरील 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात ठरावीक प्रश्न आणि ठरावीक निकष असलेल्या मुलाखती मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतींपेक्षा अधिक भरवशाच्या आढळल्या. मोठ्या कंपन्यांत मुलाखतकार निकषांनुसार लेखी टिपणे करतो. जे बोलले गेले नाही ते टिपणात येत नाही, मग विचार कितीही सखोल असो. पुण्यातील हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत मराठी माध्यमातून आलेले अनेक कसलेले अभियंते इथेच मागे पडतात, कारण विचार करणे आणि त्याच वेळी तो इंग्रजीत मांडणे ही दोन ओझी त्यांच्यावर एकदम पडतात. अशांनी एखादी रचना आधी सहकाऱ्याला मराठीत संपूर्ण समजावून द्यावी, त्याच्या शंकांना उत्तरे द्यावीत, आणि मगच ती इंग्रजीत सांगावी. तर्क पक्का झालेला असला की भाषा फार अडवत नाही.

ही सगळी तयारी नोटीस पीरियडच्या 90 दिवसांत उरकण्याजोगी नाही. म्हणून नोकरी बदलण्याचा विचारही मनात नसलेल्या अभियंत्याने हातातल्या प्रकल्पात पुढचा मोठा निर्णय होईल त्याच दिवशी, कंपनीची गोपनीयता सांभाळून, निवडलेला पर्याय, नाकारलेला पर्याय आणि त्यामागचे कारण चार ओळींत स्वतःपुरते लिहून ठेवावे.