तेच औषध

आवणीचे दिवस होते. पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेली एक आजी काउंटरपाशी आली आणि रिकामी बाटली पुढे करून म्हणाली, "भाऊ, हीच दुसरी दे. नातीचा ताप हटत नाय." माणिकगडाच्या पायथ्याच्या एका वाडीवरून ती पावसात मोहोपाड्याला चालत आली होती. मी वळून फळीवरची बाटली काढलीसुद्धा. मग हात थांबला. ही बाटली काल मीच दिली होती. पंधरा मिलीची. एका दिवसात ती संपायलाच नको होती.

"किती पाजलंत, आजी?"

"डॉक्टरनी सांगितला तेवढाच. एकेक चमचा, तीन येळा."

तापाचं पॅरासिटामॉल पातळ स्वरूपात तीन तऱ्हांचं येतं. साध्या सिरपच्या पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम, डीएस लिहिलेल्यात २५०. आणि तान्ह्यांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीतच १००. म्हणजे जे औषध सगळ्यात लहान बाळासाठी, तेच सगळ्यात तीव्र. बाळाला थोडंच प्यावं लागावं म्हणून ते तसं केलेलं असतं. नात नऊ महिन्यांची, आठ किलोची. किलोला पंधरा मिलिग्रॅम धरले तर १२०. डॉक्टरांनी सिरपचा एक चमचा लिहिला होता, तो बरोबर होता. माझ्याकडचं सिरप संपलं होतं, म्हणून मी थेंबांची बाटली दिली. चमच्याने पाजल्यावर प्रत्येक वेळी पाचशे पोटात गेले, चौपट.

आजीचं काही चुकलं नव्हतं. डॉक्टरांचंही नाही. चूक माझी होती, आणि ती एका वाक्यात मावते. मी म्हटलं होतं, "तेच औषध आहे, बाटली फक्त लहान आहे."

डॉक्टरांना फोन केला, रिक्षा बोलावली, आजीबरोबर वाडीवर गेलो आणि बाळाला घेऊन निघालो. इस्पितळात उताऱ्याचं औषध शिरेतून चढवलं, यकृताच्या तपासण्या झाल्या, चौथ्या दिवशी पोर घरी आली. मी दुकान उघडलं तेव्हा त्या फळीकडे बघवेना. तिन्ही बाटल्या एकीला एक लागून उभ्या होत्या, एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या.

मोठ्या माणसाची गोळी ही एक गोळी असते. मुलाच्या बाबतीत दर वेळी हिशेब मांडावा लागतो: वजन किती, बाटलीत किती, म्हणून मिली किती. तीन ठिकाणी आकडा घसरू शकतो, आणि दशांशचिन्ह एक घर सरकलं की मात्रा दहापट होते. बॉस्टनच्या दोन रुग्णालयांतल्या मुलांच्या औषधांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. इजा करू शकतील अशा चुका मुलांच्या बाबतीत मोठ्यांच्या तिप्पट आढळल्या होत्या. तिथे निदान डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता असे तीन जण एकमेकांचं पाहत होते. वाडीवरच्या झोपडीत रात्री मोबाइलच्या उजेडात चमचा भरणाऱ्या आईच्या मागे कोण असतं? शेवटचा माणूस मीच.

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावात, पोलिओच्या डोसाऐवजी बारा मुलांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलांना इस्पितळात ठेवावं लागलं, सगळी सुखरूप राहिली. तिघांना निलंबित करणार असं प्रशासनाने सांगितलं. ती बातमी वाचताना मला माझी फळी दिसत होती. करोनाच्या त्या वर्षी सॅनिटायझर नव्हतं असं टेबल कुठे होतं? निलंबन झालं तरी टेबल तसंच राहतं. दोन बाटल्या शेजारी होत्या का, हे कुणी विचारलं का, ते कळण्याची मला आजही तळमळ आहे.

खरं तर पोलिओची कुपी फार शहाणी असते. तिच्यावर एका वर्तुळात छोटा चौकोन असतो. लस उन्हातान्हात राहिली की तो काळवंडत जातो, आणि वर्तुळाइतका गडद झाला की लस टाकून द्यायची. १९९६ पासून ही खूण आहे. माणसाच्या आठवणीवर विसंबायचं नाही, असं कुणीतरी बसून ठरवलं होतं. माझ्या फळीवरच्या बाटल्यांना असं काही बोलता येत नाही.

काही चुका माझ्या डोळ्यांना दिसणाऱ्याही नसतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या औषधाने गेली, त्यांतली कित्येक नागपुरात उपचार चालू असताना. त्या सिरपमध्ये जवळजवळ निम्मं डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. बाटली उजेडात धरून मला काय कळलं असतं? तेव्हापासून बिलावर बॅच क्रमांक लिहिल्याशिवाय मी मुलांचं औषध देत नाही. उद्या एखादी बॅच परत मागवली, तर ती कुठल्या वाडीवर गेली हे मला सांगता आलं पाहिजे.

थेंबांच्या बाटल्या आता काउंटरखालच्या खणात असतात, सिरपपासून दूर. काढायला वाकावं लागतं, आणि त्या वाकण्यातच विचार करायला सवड मिळते. कोपऱ्यात वजनकाटा ठेवलाय. आधी आई बाळाला घेऊन उभी राहते, मग एकटी. "चमचा" हा शब्द मी टाकलाय. मिलीची रेघ पेनाने ठळक करतो, आणि ड्रॉपर आईच्याच हातात देऊन साध्या पाण्याने भरून दाखवायला सांगतो. कंपनीची पाळी सुटायच्या वेळी मागे रांग लागते, लोक चुळबुळ करतात.

काल एक कोवळी आई होती. पहिल्यांदा पाणी सांडलं. दुसऱ्यांदा तिने ड्रॉपर दिव्याकडे धरला आणि विचारलं, "एवढं?"

"अजून एक रेघ खाली, ताई."

तिने पुन्हा भरला.