रिकाम्या तारखेची बिलं

माझ्या नोकरीतला सगळ्यात महत्त्वाचा कॉलम कुठल्याच टेबलमध्ये नाही. ‘थकीत दिवस’ असं त्याचं नाव. तो मी एका व्ह्यूमध्ये लिहिलाय. व्ह्यू म्हणजे जपून ठेवलेली क्वेरी, उघडली की त्या क्षणी हिशोब होतो. फॉर्म्युला साधा होता: डेटडिफ, आणि आत दोन तारखा, माल स्वीकारल्याची आणि आजची. एखाद्या बिलासमोर काल ३१ असेल तर आज ३२ दिसतं, कुणी काही टाईप न करता. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला उगाच भारी वाटलं होतं. (आजची तारीख रोज बदलते, म्हणून एसक्यूएल सर्व्हर असला कॉलम टेबलमध्ये कायमचा साठवू देत नाही.)

२०२४च्या मार्चआधी अकाउंट्सला अचानक हा कॉलम आठवला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, हे २००६च्या कायद्यातच आहे. पण आता आयकराचं कलम ४३बी(एच) आलं होतं. मुदत उलटून वर्षअखेरीसही न दिलेले पैसे त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नव्हते. ‘४५च्या वरचे काढून दे,’ सर म्हणाले. मी फिल्टर लावला. १४ बिलं निघाली. सर खूश.

त्याच आठवड्यात घरी बाबा वैतागून बसले होते. भोसरीत त्यांचं दोन लेथचं वर्कशॉप आहे. एका कंपनीकडे (माझ्या नव्हे) त्यांचे पैसे अडकलेले.

‘अगं, तिथला पोरगा म्हणतो, काका, तुमचं बिल सिस्टिममध्ये थकीत दिसतच नाही. मग मी माल काय विहिरीत टाकला?’

‘चलन आहे ना सहीचं?’

‘आहे की. नोव्हेंबरचं.’

रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मी फिल्टर काढून व्ह्यू उघडला. ६१ ओळींत थकीत दिवसांच्या जागी नल. नल म्हणजे शून्य नाही, नल म्हणजे ‘माहीत नाही’. दोन तारखांतली एक रिकामी असली की डेटडिफ नल देतं. आणि ‘नल ४५पेक्षा मोठा आहे का?’ याचं उत्तर डेटाबेस हो देत नाही, नाहीही देत नाही. फिल्टर फक्त ‘हो’वाल्या ओळी ठेवतो. एरर नाही, लाल रंग नाही. ओळ नुसती गायब.

आणि रिकामी तारीख कुणाची? मोठ्या सप्लायरचा माल इन्स्पेक्शनला जातो, तारीख पडते. छोट्याचे शंभर-दोनशे बुश थेट लाइनवर जातात. वापरून संपतात. स्वीकृतीची नोंद कोण करणार? म्हणजे माझा कॉलम नेमका त्याच माणसांना लपवत होता, ज्यांच्यासाठी तो कायदा आहे.

मग कायदा वाचला. त्यात याचं उत्तर सरळ लिहिलंय: माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस. हे तर कोअलेस! पहिली तारीख असेल तर ती घे, नसेल तर दुसरी. मी गेट एंट्रीची तारीख जोडली, हरकत घेतलेल्या ओळी केस लावून वेगळ्या केल्या. १४ची ४७ झाली. काही ठिकाणी १४० दिवस.

‘काल १४ होती ना?’ सर म्हणाले. ‘काहीतरी गडबड केलीस.’

‘गडबड काल होती, सर.’

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘एवढे पैसे मार्चमध्ये कुठून काढू? हा बदल एप्रिलमध्ये लाव ना.’

मी जुनी यादी आणि नवी यादी एकाच मेलमध्ये पाठवली, सीसीमध्ये ऑडिटर. हात थरथरत होते. त्या ४७मधली निम्म्याहून जास्त बिलं ३१ मार्चपर्यंत भागली, उरलेली मे-जूनमध्ये. सर अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

बाबांना मी हे सगळं जेवताना सांगितलं. नल, कोअलेस, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

‘बरं,’ ते म्हणाले, ‘त्या माझ्या कंपनीत हा कॉलम कोण लिहितं, ते कळेल का तुला?’